चोपन्न दिवस

मार्च २०२३ मध्ये आपल्या बॅचच्या ग्रुपवर मी एक मेसेज टाकला होता, तो काहींना आठवत असेल. जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी आणि शिक्षक १४ मार्चपासून बेमुदत संपावर गेले होते. माझ्या मुलीची दहावीची परीक्षा चालू होती आणि मी हिंजवडीच्या शिवाजी चौकात गाडीत अडकून वैतागले होते. "पगार सरकारचा, सुट्टी स्वतःची, मुलांचं कोणाला पडलंय?" असं काहीसं लिहिलं. चार-पाच अंगठे आले. गणिताच्या सरांनी दोनच शब्द लिहिले, "घरी ये."

मी गेले नाही. २० मार्चला संप मिटला, मुलीचे पेपर झाले, माझ्यापुरता विषय संपला. यंदा स्मरणिकेत शिक्षकांवर लिहायचं काम अंगावर आलं तेव्हा कुठे सरांच्या दारात उभी राहिले.

सरांनी पत्र्याचा एक डबा काढला. आत शिक्षक संघटनेच्या वर्गणीच्या पावत्या, वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या. सर १९७६ ला नोकरीला लागले, आपल्या शाळेत नव्हे, दुसऱ्या तालुक्यातल्या एका खाजगी संस्थेत. तिथे सही करायचा आकडा एक आणि हातात पडायचा दुसरा. एप्रिलच्या शेवटी नोकरी संपायची आणि जूनमध्ये पुन्हा ऑर्डर मिळायची, म्हणजे मे महिन्याचा पगार द्यायला नको. आवाज केला तर जूनची ऑर्डर येत नसे. अशा संस्था तेव्हा बऱ्याच होत्या, असं सर म्हणाले.

डिसेंबर १९७७ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. र. ग. कर्णिक नेते, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि मुख्य मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता. शिक्षकही त्यात उतरले. हा संप ५४ दिवस चालला. सरांच्या नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं, लग्न नुकतंच झालेलं. किराणा दुकानदाराने दुसऱ्या महिन्यात उधारी थांबवली, तेव्हा काकूंच्या पाटल्या गहाण गेल्या. "आणि मुलं?" मी विचारलंच. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दुपारी मोर्चा आणि संध्याकाळी ओट्यावर दहावीची पोरं. तरी नुकसान झालंच. झालं नाही म्हणणारा खोटं बोलतो." केंद्राप्रमाणे भत्ता पुढे लागू झाला, पण सर त्याबद्दल फारसं बोलले नाहीत. त्यांच्या लेखी मोठी गोष्ट कायद्याची होती.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम, १९७७. त्याची अंमलबजावणी आणि नियम १९८१ चे. दोन वर्षांचा परिविक्षा काळ समाधानकारक गेला की शिक्षक कायम. चौकशीशिवाय काढता येत नाही, आणि काढलंच तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. वाचायला रुक्ष आहे, पण आपल्या शाळेत नव्वदच्या दशकात सर संस्थेच्या बैठकीत उभे राहून "मुलींना स्वच्छतागृह आधी, कमान नंतर" असं बोलू शकले ते या रुक्ष कलमांच्या बळावर. कमान रखडली म्हणून आपण सर किती हळहळलो होतो! दहावीला आपले जादा तास सकाळी सहाला व्हायचे, एक पैसाही न घेता. तेव्हा हिंजवडीत भाताची खाचरं होती, आयटी पार्क अजून कागदावरही नीटसं आलेलं नव्हतं आणि क्लास लावायचा तर पुण्याला जावं लागे. माझ्या घरातून ते परवडलं नसतं. मी इंजिनिअर झाले ती त्या सहाच्या तासांमुळे.

आता आपल्याच बॅचमधल्या एकाबद्दल. नाव लिहू नको म्हणालाय. तो २००३ मध्ये एका कायम विनाअनुदानित शाळेत लागला. हे 'कायम' सरकारने २००१ मध्ये आणलं आणि २००९ मध्ये काढलं. पण शब्द काढला म्हणून पगार लगेच सुरू झाला नाही. त्याच्या शाळेला २० टक्के अनुदान मिळालं ते २०१६ मध्ये. तेरा वर्षं तो सकाळी शाळेत विज्ञान शिकवायचा आणि रात्री आयटी पार्कातल्या पोरांना डबे पोचवायचा. माझ्या ऑफिसच्या गेटवरही यायचा. आझाद मैदानावर उपोषणाला बसला तेव्हा डब्यांचं काम बायकोने सांभाळलं.

पेन्शनचा प्रश्न इथेच येतो. १ नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. पण हा तर आधी लागलेला! तरीही त्या तारखेला शाळा शंभर टक्के अनुदानावर नव्हती, म्हणून तोही बाहेर. एकाच स्टाफरूममध्ये एकाच्या म्हातारपणाची सोय आहे, दुसऱ्याची नाही. २०२३ चा संप यासाठी होता आणि मी सुट्टीचं बोलत होते.

संघटनांचं सगळंच मला पटतं असं नाही. एकाच प्रश्नावर इतक्या संघटना का, हे सरांनाही सांगता आलं नाही. विधान परिषदेत शिक्षकांच्या सात जागा आहेत, त्यांच्या निवडणुका आल्या की संघटनांची पांगापांग होते. आणि गंमत म्हणजे त्यात प्राथमिक शिक्षकाला मतच नाही. माध्यमिक आणि त्यावरचेच मतदार. आपल्याला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलेल्या जिल्हा परिषद शाळेच्या बाई या हिशेबात शिक्षक धरल्याच जात नाहीत.

माझ्या क्षेत्रात कामावरून काढल्याचा निरोप ईमेलने येतो आणि दुपारपर्यंत ओळखपत्र बंद होतं. आमच्या टीममधल्या दोघांचं तसं झालं. त्यांना कोणाकडे दाद मागायची ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. हे सरांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्यात वर्गणी कोण गोळा करतं?"

मेळाव्याला तोही येणार आहे, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर. माझा तो मेसेज त्याने तेव्हा वाचला होता, असं परवा कळलं. तो आता खोडताही येत नाही, म्हणून हे इथे लिहिलं.