तीस लाखांचं फूल

जानेवारी २०१६. जपानमध्ये तेरा वर्षं जुनी एक सीडी अचानक धडाधड खपायला लागली. नवी आवृत्ती नाही, कुठल्या सिनेमात गाणं आलेलं नाही, गायकांपैकी कुणी गेलेलंही नाही. सर्व्हरच्या ग्राफवर मध्येच असा सुळका दिसला तर आपण आधी काय म्हणू? कुठेतरी बग आहे.

बग नव्हता. लोक मुद्दाम, ठरवून तीच सीडी विकत घेत होते. घरी आधीच एक असलेले लोकसुद्धा. का, हे कळायला जरा मागे जावं लागेल.

सीडी होती स्मॅप नावाच्या ग्रुपची. जपानमध्ये 'आयडॉल' म्हणजे नुसता गायक नव्हे. एखादी कंपनी लहान वयात मुलं निवडते, त्यांना नाच-गाणं शिकवते, ग्रुप बांधते आणि मग टीव्ही, जाहिराती, मालिका सगळीकडे तीच मुलं दिसतात. आवाज ग्रेट असलाच पाहिजे असं काही नाही. (स्मॅपच्या बाबतीत तर नव्हताच. नाकाइच्या सुरांवर खुद्द नाकाइच टीव्हीवर विनोद करायचा.) मुलग्यांच्या ग्रुप्सची सगळ्यात मोठी कंपनी होती जॉनीज. तिने १९८८ मध्ये सहा पोरं एकत्र आणली: नाकाइ, किमुरा, इनागाकी, मोरी, कुसानागी आणि कातोरी. सगळ्यात धाकटा कातोरी तेव्हा अकरा वर्षांचा होता.

पहिली सीडी आली ९ सप्टेंबर १९९१ ला. जॉनीजच्या आधीच्या गाजलेल्या ग्रुप्सच्या मानाने सुरुवात फिकी झाली, गाणं दुसऱ्या नंबरावर अडकलं. वरती चागे आणि आस्का या जोडीचं 'से येस' ठाण मांडून बसलं होतं. त्यात वेळही चुकीची. आयडॉल ज्या साप्ताहिक गाण्यांच्या कार्यक्रमांवर जगायचे, ते १९८९-९० च्या सुमारास एकेक करून बंद पडले होते. म्हणजे ॲप तयार, पण ज्या प्लॅटफॉर्मवर चालवायचं तोच बंद!

मग या पोरांनी आयडॉलने करू नये ते केलं. विनोदी कार्यक्रमांत गेली, बायकांचे कपडे घालून प्रहसनं केली, स्वतःचं हसं करून घेतलं. पहिला नंबर मिळाला तो बाराव्या सीडीला, १९९४ मध्ये. त्या गाण्याचं नाव होतं 'हे हे ओओकिनी माइदो आरी'. ओसाकाकडचे दुकानदार गिऱ्हाइकाला 'आभारी आहे, येत राहा' म्हणतात, तसलं काहीतरी. त्याच वर्षी 'गाम्बारिमाशोओ' आलं. 'चला, जोर लावू या' अशा थाटाचं साधं, धमाल गाणं. पण १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला आणि तीनच दिवसांनी टीव्हीवर स्मॅपला आपलं नवं गाणं सादर करायचं होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि हेच गायलं. तोपर्यंत ते मस्तीचं गाणं होतं. त्यानंतर ते धीर देणारं गाणं झालं. शब्द तेच, चाल तीच.

१९९६ मध्ये मोरी मोटरसायकल शर्यतींसाठी ग्रुप सोडून गेला आणि त्याच वर्षी 'स्मॅप बाय स्मॅप' हा कार्यक्रम सुरू झाला. स्वयंपाक, विनोद, गाणं, सगळं त्यात. तो वीस वर्षं चालला. घरातल्या घड्याळासारखा.

गाण्यांचा विचार केला तर माझ्या मते खरं वळण आहे जानेवारी १९९८ चं 'योझोरा नो मुकोओ', म्हणजे रात्रीच्या आभाळापलीकडे. शब्द लिहिले सुगा शिकाओने, ज्याची स्वतःची कारकीर्द जेमतेम वर्षभराची होती. आयडॉल गाण्यात सहसा प्रेम, उन्हाळा, समुद्र वगैरे असतं. हे गाणं मात्र विचारतं, की ज्या भविष्याची आपण तेव्हा वाट पाहत होतो, ते हेच का? रात्री साडेदहाला ऑफिसमधून निघून बसची वाट बघणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. स्मॅपची दहा लाखांवर खपलेली ही पहिली सीडी. दुसरी २००० ची 'लायन हार्ट'. ते गोड आहे, मालिकेमुळे गाजलं, त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आणि मग ते फूल.

'सेकाइ नी हितोत्सु दाके नो हाना', म्हणजे जगात एकच असं फूल. शब्द आणि चाल माकिहारा नोरियुकीची. हा मोठा गीतकार-गायक १९९९ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडला गेला होता आणि हळूहळू परत उभा राहत होता. गाण्याची कल्पना साधी आहे: फुलांच्या दुकानात तऱ्हेतऱ्हेची फुलं आहेत, कोण वरचढ यावरून त्यांच्यात भांडण नाही, मग माणसंच का एकमेकांशी तुलना करत बसतात? अपमान, उतार आणि पुन्हा सुरुवात हे सगळं पाहिलेल्या माणसाने ते लिहिलंय हे लक्षात ठेवून ऐकलं तर गोडपणा जरा कमी होतो आणि गाणं जास्त चांगलं वाटतं.

२००२ मध्ये ते एका अल्बममध्ये इतर गाण्यांसारखंच एक होतं. जानेवारी २००३ मध्ये कुसानागीची मालिका आली, वर्षभराचं आयुष्य उरलेल्या एका शिक्षकाची. तिचं शीर्षकगीत म्हणून हे घेतलं आणि ५ मार्चला ते वेगळ्या सीडीवर आलं. दोन आठवड्यांनी इराक युद्ध सुरू झालं आणि पुष्कळांनी ते शांततेचं गाणं म्हणून उचललं. त्या वर्षात वीस लाखांवर प्रती गेल्या, वर्षाचा पहिला नंबर मिळाला. पहिल्या नंबराची गरज नाही असं सांगणाऱ्या गाण्याला! त्याच ३१ डिसेंबरला एनएचकेच्या वर्षअखेरच्या मोठ्या संगीत कार्यक्रमात शेवटचं गाणं म्हणून स्मॅपने हेच म्हटलं. तो मान म्हणजे काय, हे जपानी माणसाला विचारा.

आता परत २०१६.

१३ जानेवारीला वर्तमानपत्रांनी बातमी फोडली की ग्रुप फुटतोय. त्यांना वर आणणाऱ्या मॅनेजरबाई कंपनी सोडणार आणि किमुरा सोडून बाकी चौघं त्यांच्याबरोबर जाणार, असं काहीसं. १८ तारखेला 'स्मॅप बाय स्मॅप'मध्ये थेट प्रक्षेपण झालं. गडद सूट घातलेले पाच पुरुष, वयं ३८ ते ४३, एका रांगेत उभे राहून देशाची माफी मागत होते. कुसानागीने तर किमुरामुळे मालकांची माफी मागता आली असं सांगितलं. माफी नेमकी कशाची? कंपनी सोडाविशी वाटली, याची. आपण नोकरी बदलतो तेव्हा फार तर नोटीस पीरियडवरून कटकट होते. ते चेहरे बघितले की पुढे कुठल्याही ऑफर लेटरवर सही करताना आठवतात.

चाहत्यांच्या हातात काय होतं? निर्णय बंद खोलीत, मत द्यायची सोय नाही. सह्यांच्या मोहिमा झाल्या. पण सगळ्यांना दिसेल असा एकच काउंटर होता: ओरिकॉनची खपाची यादी, १९६८ पासून दर आठवड्याला निघणारी. म्हणून त्यांनी ते जुनं फूल विकत घ्यायला सुरुवात केली. ध्येय ठरलं तीस लाख. प्रत्येक सीडी म्हणजे 'फुटू नका' असं लिहिलेली एक चिठ्ठी. आणि यातली बोचणारी गोष्ट अशी की चिठ्ठीच्या किमतीतला वाटा त्याच धंद्याकडे जाणार होता ज्याच्याविरुद्ध ती लिहिली होती. लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. दुसरं बटणच नव्हतं.

१४ ऑगस्टला जाहीर झालं की वर्षाच्या शेवटी ग्रुप बंद. खरेदी तरीही थांबली नाही, डिसेंबरात तीस लाखांचा टप्पा ओलांडला. ओरिकॉनच्या हिशेबात त्याच्या पुढे दोनच रेकॉर्ड आहेत, १९७२ ची 'ओन्ना नो मिची' आणि १९७५ चं मुलांचं गाणं 'ओयोगे! ताइयाकी-कुन'. २००३ चे वीस लाख आणि नंतरचे हे पुष्कळसे एकाच रकान्यात बेरीज होऊन बसले आहेत. पहिले गाणं आवडलं म्हणून, नंतरचे माणसं सोडवत नाहीत म्हणून. यादीत तो फरक दिसत नाही. डेटाबेसमध्ये 'कारण' नावाचा कॉलमच नाही ना.

मग सगळ्यात लोकप्रिय गाणं हेच का? तर तेही सरळ नाही. २१ डिसेंबर २०१६ ला निघालेल्या शेवटच्या संग्रहासाठी चाहत्यांकडून मतं मागवली होती. त्यात पहिलं आलं 'स्टे'. हे २००६ च्या अल्बममधलं गाणं, ज्याची स्वतंत्र सीडी कधी निघालीच नव्हती. साध्या श्रोत्याला ते माहीतही नसेल. पण ते आहे एकमेकांसोबत राहण्याबद्दल, आणि त्या वर्षी मत देणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काय असणार? 'लायन हार्ट'च्या मागच्या बाजूचं 'ऑरेंज'ही बरंच वर होतं. ते निरोपाचं गाणं.

२६ डिसेंबरला 'स्मॅप बाय स्मॅप'चा शेवटचा भाग झाला. पाचही जण शेवटचं गाणं म्हणून फूलच गायले. संपल्यावर नाकाइ कॅमेऱ्याकडे पाठ करून डोळे पुसत राहिला. ३० तारखेला 'आसाही शिंबुन'मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून आठ पानं जाहिरात दिली, पैसे देणारे तेरा हजारांहून जास्त. दुसऱ्या दिवशी ग्रुप संपला.

पुढचं थोडक्यात. इनागाकी, कुसानागी आणि कातोरी सप्टेंबर २०१७ मध्ये जॉनीजमधून बाहेर पडले आणि टीव्हीवरून जवळपास नाहीसे झाले. जुलै २०१९ मध्ये सरकारी स्पर्धा आयोगाने या प्रकरणात कंपनीला ताकीद दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये, संस्थापक वारल्यावर चार वर्षांनी, त्याने वर्षानुवर्षं मुलांचं लैंगिक शोषण केलं होतं हे कंपनीने कबूल केलं. ऑक्टोबरात कंपनीचं नाव बदललं. ज्याची माफी मागितली म्हणून कुसानागीने २०१६ मध्ये टीव्हीवर सांगितलं, तो हाच माणूस.