यंत्राचे मौन

चित्रपटात काही क्षण असे येतात की, पडद्यावर कोणीच बोलत नाही. त्या निःशब्दतेतच प्रसंगाचा सारा अर्थ साठविलेला असतो. इ. स. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एक्सपी मीडिया सेंटर’ ही प्रणाली बाजारात आणली आणि कचेरीतील संगणक दिवाणखान्यात दूरचित्रवाणीच्या शेजारी येऊन बसला. तेव्हा नेमका हाच क्षण हरवला. कचेरीच्या गजबजाटात जी घरघर कोणाच्या ध्यानीही येत नसे, ती येथे असह्य झाली.

घरघर पंख्याची खरी. परंतु तिचे मूळ उष्णतेत होते. १९८१ साली आय.बी.एम.ने काढलेल्या संगणकाचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता, आणि त्यातील प्रोसेसरला स्वतंत्र पंख्याची गरज नव्हती. १९९३ चा पेन्टियम सुमारे १५ वॅट उष्णता टाकू लागला. २००४ मध्ये पेन्टियम ४ च्या काही नमुन्यांनी १०० वॅटची मर्यादा ओलांडली. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये असा सिद्धांत मांडला होता की, ट्रान्झिस्टर लहान करीत जावे आणि विजेचा दाबही त्याच प्रमाणात उतरवावा, म्हणजे चकतीच्या तेवढ्याच जागेत निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. परंतु ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म होताच बंद अवस्थेतही त्यांतून वीज झिरपू लागली, दाब आणखी उतरविता येईना, आणि हा हिशेब चुकला.

शांततेच्या चाहत्यांनी प्रथम पंख्याकडे मोर्चा वळविला. पंख्याची गती निम्मी केली तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. म्हणून ८० मिलिमीटरचा वेगवान पंखा काढून १२० मिलिमीटरचा संथ पंखा बसविण्याची चाल पडली. लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये सिद्ध केलेली उष्णतानलिकाही साह्यास आली. तिच्या तप्त टोकाशी द्रवाची वाफ होते, थंड टोकाशी ती पुन्हा द्रवरूप होते. अशा रीतीने आवाज न करता उष्णता धातूच्या रुंद पात्यांपर्यंत वाहून नेली जाते. हार्ड डिस्कचा थरथराट पेटीत उतरू नये म्हणून कोणी ती रबरावर टांगली.

हे उपाय उपयुक्त खरे, तथापि ते रोगाच्या लक्षणांवरचे होते. मूळ रोगावर औषध सापडले ते निराळ्याच ठिकाणी. इस्रायलमधील हैफा येथे इन्टेलच्या अभियंत्यांनी मांडीवरील संगणकासाठी पेन्टियम एम हा प्रोसेसर रचला होता. २००३ साली आलेल्या या प्रोसेसरची उष्णता केवळ २४.५ वॅट होती. मे २००४ मध्ये इन्टेलने पेन्टियम ४ चा नियोजित वारस रद्द केला आणि हैफाचा मार्ग धरला. त्यातून २००६ मध्ये ६५ वॅटचा कोअर २ ड्युओ अवतरला. तो आधीच्या तप्त भावंडांहून थंड होता आणि वेगवानही. पुढे चित्रपटाची दाबून साठविलेली चित्रे उलगडण्याचे काम स्वतंत्र मंडले करू लागली, तेव्हा प्रोसेसर बहुतांश विसावलेलाच राहू लागला.

या इतिहासाने सुटे भाग निवडण्याचा क्रमच ठरवून दिला आहे. प्रथम मितउष्ण प्रोसेसर घ्यावा, आणि त्यात चित्रे उलगडणारी मंडले आहेत ना, हे पाहावे. मग रुंद पाती आणि मोठा संथ पंखा. वीजपुरवठा गरजेहून मोठा असावा, म्हणजे त्याचा पंखा धावत नाही. प्रणालीसाठी फिरते भाग नसलेली एस.एस.डी. घ्यावी, आणि चित्रपटांचा मोठा साठा दुसऱ्या खोलीतील डिस्कवर ठेवावा. वैशाखात खोलीच तापलेली असते अशा विदर्भासारख्या प्रदेशात तर पहिल्या निवडीचे महत्त्व अधिकच. कारण हवा आणि यंत्र यांच्या तापमानातील अंतर जितके कमी, तितके पंख्याचे कष्ट अधिक.

गोंगाट झाकण्याची साधने पुष्कळ आहेत. पण जी उष्णता निर्माणच झाली नाही, तिला बाहेर काढण्यासाठी पंखा लागत नाही.