कोऱ्या डिस्कचा हट्ट

संगणकाची डिस्क स्वभावतः अडाणी असते. अमुक क्रमांकाच्या ब्लॉकांत हें लिही, तमुक क्रमांकाचा वाचून दे, याहून अधिक तिला कळत नाहीं. फाईली, त्यांचीं नांवें, कप्पे हा सारा संसार फाईल-सिस्टीम नांवाचा कारभारी तिच्यावर थाटतो, आणि बहुतेक प्रोग्राम त्याच्यावर भार टाकून निश्चिंत राहतात. डेटाबेस मात्र या कारभाऱ्यावर प्रथमपासून रुष्ट.

१९८१ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील मायकेल स्टोनब्रेकर यांनीं ही तक्रार निबंधरूपानें मांडली. डेटाबेस लागणारीं पानें मेमरींत स्वतःच्या हाताशीं ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टीमहि तींच पानें निराळीं ठेवते. एकाच धान्याच्या दोन कणग्या! याहून मोठा धोका असा कीं, 'लिहिलें' असा जबाब मिळतो तेव्हां मजकूर बहुधा मेमरींतच रेंगाळत असतो. तेवढ्यांत वीज गेली, तर बँकेंत भरलेल्या पैशांची नोंद नाहींशी व्हावयाची. युनिक्सवरील कित्येक मोठ्या डेटाबेसांनीं यास्तव कारभाऱ्यास दूर सारून डिस्कचा कोरा भागच ताब्यांत घेतला.

कंटेनरची कथा अगदीं निराळी. २०१३ सालापासून डॉकरनें लोकप्रिय केलेली ही पेटी प्रोग्रामला त्याच्या सरंजामासह एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेऊन ठेवते. पण पेटी मोडली कीं आंतील लेखनहि गेलें. २०१४ सालीं गूगलनें प्रसिद्ध केलेल्या कुबरनेटीसनें (ग्रीक भाषेंत सुकाणूवाला) टिकाऊ साठ्यासाठीं व्हॉल्यूम दिले, परंतु ते फाईल-सिस्टीम चढवूनच. धर्मशाळेंतील उतारूस खोली मिळते, जमीन मिळत नाहीं, तसाच हा प्रकार. कोरा ब्लॉक-व्हॉल्यूम प्रयोगादाखल मिळाला तो डिसेंबर २०१७ मधील १.९ या आवृत्तींत, आणि कायम झाला मार्च २०२० मधील १.१८ मध्यें. मागणीपत्रांत व्हॉल्यूमचा प्रकार 'ब्लॉक' असा नोंदला कीं कंटेनरला कप्प्याऐवजीं प्रत्यक्ष उपकरण दिसूं लागतें.

हा हट्ट निव्वळ डेटाबेसांचाच नव्हता. अनेक यंत्रांवर साठा वांटून ठेवणाऱ्या 'सेफ' या प्रणालीच्या कर्त्यांनीं दहा वर्षें फाईल-सिस्टीमशीं संसार करून अखेर काडीमोड घेतला. २०१७ पासून तिची नवी मांडणी कोऱ्या डिस्कवरच होते. कुबरनेटीसमध्यें आतां तिलाहि असे व्हॉल्यूम देतां येतात.

मात्र बोलबाला आहे तेवढा लाभ सर्वांस नाहीं. फाईल-सिस्टीमहि आतां मेमरीला वळसा घालून थेट लिहूं देतात; साध्या प्रोग्रामला एवढें पुरें. शिवाय कारभारी गेला कीं त्याची राखणहि गेली. एकच कोरा व्हॉल्यूम दोन कंटेनरांस दिला व त्यांनीं आपसांत पाळी ठरविली नसली, तर एकाच्या लिखाणावर दुसरा खुशाल लिहितो, आणि डिस्क चकार शब्द काढीत नाहीं.