यादीतलं नाव

कुळगीला आम्ही गेलो ते जंगल बघायला. दांडेलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, जोयडा तालुक्यात वनखात्याचं निसर्ग शिबिर आहे, तिथं आमच्या महिला मंडळाची सहल गेली होती. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली आणि आम्ही रस्त्याकडेला एका आजीशी बोलत बसलो. तिची भाषा थोडी कोकणी, थोडी मराठी, मधेच कानडी. निवडणुकीचे दिवस होते, म्हणून कुणीतरी विचारलं, "आजी, मत देता का?"

"देते की. एकदा सुद्धा चुकवलं नाही."

"मग दिल्लीत तुमचं कोण आहे?"

आजी हसली. "दिल्लीत माझं कोण असणार, बाई? माझं सगळं इथं."

आम्हीही हसलो. पण परतताना मला वाटलं, हा प्रश्न तिला विचारणाऱ्या आपण तरी त्याचं उत्तर देऊ शकलो असतो का?

हा कारवार जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. आपल्या समाजाचे अण्णासाहेब लठ्ठे 1937 ते 1939 मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री होते. म्हणजे कुळगीसकट या सगळ्या मुलखाचा सरकारी खर्च त्यांच्या अंदाजपत्रकात यायचा. आपण ते अभिमानाने सांगतो. पण तेव्हा मत होतं कुणाला? ज्याच्याकडे जमीन, कर किंवा शिक्षण, त्याला. काही बायकांना मिळालं तेही नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर. जंगलात कुमरी शेती करणाऱ्या बाईचं नाव त्या यादीत कुठून येणार?

घटनेने हे सगळं एका फटक्यात बदललं. 326 व्या कलमाने प्रत्येक प्रौढ माणसाला मत दिलं, शिक्षण विचारलं नाही, सातबारा विचारला नाही. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींहून जास्त मतदार होते. पण याद्या करताना एक नवीनच अडचण आली. घरोघरी गेलेल्या माणसांना बायका आपलं नाव सांगेनात. "अमक्याची आई", "तमक्याची बायको", एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, नाव नाही तर मत नाही. जवळजवळ 28 लाख बायकांची नोंद वगळली गेली. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. तेव्हा ते कठोर वाटलं असेल, पण पुढच्या निवडणुकांत त्याच बायका स्वतःच्या नावाने यादीत येऊ लागल्या.

आपण म्हणू, ते उत्तरेकडचं. मग आपल्या बस्तीतला दानफलक एकदा वाचा. पंचकल्याणकात सवाल बोलायला बाई पुढे, दागिना मोडला तिने, आणि दगडावर नाव कोरलं ते मालकांचं. लग्नात माहेरचं आडनाव जातं, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतं. माझ्या आजीचं जन्मनाव मला ती गेल्यावर, एका जुन्या शाळेच्या दाखल्यावरून कळलं.

त्या पहिल्या निवडणुकीत कारवारकडून जोकिम अल्वा लोकसभेत गेले, आणि त्यांच्या पत्नी व्हायोलेट अल्वा राज्यसभेत. संसदेत एकत्र बसलेलं हे पहिलं जोडपं. व्हायोलेटबाई 1962 पासून राज्यसभेच्या उपसभापती होत्या. त्यांच्या सूनबाई मार्गारेट अल्वा 1999 मध्ये याच मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या. आजवर इथून निवडून आलेली बाई ती एकच. 2024 मध्ये खानापूरच्या माजी आमदार अंजली निंबाळकर उभ्या होत्या, त्या हरल्या. आज हा मतदारसंघ भटकळच्या समुद्रापासून खानापूर, कित्तूरपर्यंत पसरलेला आहे. विधानसभेचे आठ मतदारसंघ, मतदार सोळा लाखांच्या आसपास, आणि त्यांचा दिल्लीत एक माणूस. आजीच्या प्रश्नाचं एक उत्तर हे.

हा माणूस तिथं करतो काय? आपल्याला ठाऊक असतो तो खासदार निधी. बसथांब्यावर नाव दिसतं ना, तोच. 1993 साली ही योजना सुरू झाली, 2011 पासून वर्षाला 5 कोटी आहेत. ऐकायला मोठे, पण सोळा लाखांत वाटले तर माणशी एकतीस रुपये. तेही खासदाराच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. संसदेतल्या सगळ्या खासदारांचा निधी एकत्र केला तरी केंद्राच्या खर्चाच्या शंभर रुपयांत तो आठ पैशांएवढा भरतो. उरलेले नव्व्याण्णव रुपये ब्याण्णव पैसे कुठे जायचे, हे लोकसभेत ठरतं. एकेका खात्याची मागणी तिथं मताला जाते, आणि काही खर्च सोडले तर लोकसभेच्या होकाराशिवाय सरकारला पैसा उचलता येत नाही. वेळ संपली की पुष्कळ मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात, हेही खरं. घरखर्चाची वही आपण एवढ्या सैल हाताने मिटत नाही. म्हणून थांब्याच्या पत्र्यापेक्षा, आपला माणूस त्या दिवशी सभागृहात होता का, हे विचारायला हवं.

पैशाहूनही मोठी गोष्ट कायद्याची. कुळगीच्या भोवतीचं जंगल 1956 पासून अभयारण्य आहे, 2007 पासून व्याघ्र प्रकल्प. झाड तोडावं का, मध काढावा का, इथं राहावं की उठावं, हे ठरवणारे मोठे कायदे संसदेतले. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांना जमिनीचा हक्क मागता येऊ लागला. आदिवासी असाल तर 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून तिथं राहून जंगलावर जगत असल्याचा पुरावा पुरतो; नसाल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा लागतो. आणि आदिवासी कोण, ही यादीसुद्धा संसदच बदलू शकते. 2003 मध्ये या जिल्ह्यातले सिद्दी त्या यादीत आले. त्याच वेळी गोव्यातले कुणबीही आले. जोयड्याचे कुणबी मात्र अजून बाहेर आहेत. त्यांची मागणी जुनी आहे. राज्याची सीमा ओलांडली की एकाच जमातीच्या बाईला पंचाहत्तर वर्षांचे कागद शोधावे लागतात.

याच कायद्यात एक लहानसं कलम आहे. लग्न झालेलं असेल तर जमिनीचा हक्क नवराबायको दोघांच्या नावाने नोंदवायचा. "अमक्याची बायको" चालत नाही, तिचं नावच लागतं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादीवाल्याने जे मागितलं, तेच.

आजी, दिल्लीत तुमचं पुष्कळ काही आहे. तुमची जमीन, तुमचं जंगल, तुमच्या नातवंडांचा दाखला. आमचंही आहे. 2014 मध्ये जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तोही 1992 च्या संसदेच्या कायद्याच्या आधारेच.

घरी आल्यावर मी आधी मतदार यादी काढून बघितली. आमच्या सुनेचं नाव अजून माहेरच्या गावात होतं, आणि शेजारच्या वन्संचं चुकलेलं. दोघींकडून आठ नंबरचा अर्ज भरून घेतला. अर्जावर पहिला रकाना नावाचा असतो. सून क्षणभर थांबली, "कुठलं लिहू, आई?"

म्हटलं, "तुला जे तुझं वाटतं ते. फक्त सगळ्या कागदांवर तेच ठेव."