काचेच्या टोपीतलं ऊन



साताऱ्याहून सांगलीला एस.टी.नं निघालात तर सकाळच्या गाडीत उजवीकडं बसावं आणि दुपारच्या गाडीत डावीकडं. हे मला वडिलांनी शिकवलं आणि मी भूगोलाच्या तासाला पोरांना शिकवलं. गाडी दक्षिणेकडं जाते, सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला जातो, एवढं ध्यानात ठेवलं की डोकं तापत नाही. पण ज्या गाडीला छप्परच काचेचं आहे तिथं कुठल्या बाजूला बसायचं? हा प्रश्न गेल्या मे महिन्यात आमच्या नातीनं घरात आणला.

ती विमान चालवायला शिकते आहे. कुठं, ते लिहायचं नाही अशी तिची ताकीद आहे. तिचं विमान दोन माणसांचं, पंख खाली आणि वर काचेचा घुमट. त्याला कॅनॉपी म्हणतात, मी टोपी म्हणतो. एका संध्याकाळी तिचा फोन आला. उतरायला येताना तोंड पश्चिमेला, सूर्य खाली आलेला, आणि त्या झगमगाटात पुढचं दुसरं विमान तिला दिसलंच नाही. शेजारी बसलेल्या शिक्षकांनी पाहिलं म्हणून निभावलं. "आजोबा, मी तिकडंच बघत होते हो," एवढंच ती दोनदा म्हणाली.

माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणानं. तिच्या डोळ्यांवरचा गॉगल मी वाढदिवसाला दिलेला होता. दुकानदारानं "पोलराइज्ड आहे, सगळ्यात भारी" म्हणून दिला आणि मी पेन्शनमधून तो घेतला. त्या चष्म्यातून समोरचे काही पडदे मान कलली की काळे पडतात, हे तिनं मग मला सांगितलं. तिच्या शिक्षकांनी तो पहिल्या आठवड्यातच काढायला सांगितला होता, पण आजोबांनी दिलेला म्हणून ती अधूनमधून घालायची.

तेव्हापासून मी या उन्हाच्या मागं लागलो. मी इतिहास-भूगोलाचा मास्तर, विज्ञानाचा नव्हे. त्यामुळं सुरुवात इतिहासापासूनच केली.

पहिली विमानं उघडी होती. वारा तोंडावर, त्यामुळं उकाड्याचा प्रश्न नव्हता, डोळ्यांचा होता. पुढं बंद खोलीची विमानं आली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, ते विमान 'पस मॉथ', बंद खोलीचं आणि पंख डोक्यावर असलेलं. मी नकाशा काढून बसलो. कराचीहून अहमदाबाद पूर्वेला, जरासं दक्षिणेकडं. ऑक्टोबरच्या मध्याला सकाळचा सूर्यही तिथंच असतो. म्हणजे त्या पहिल्या टप्प्यात ऊन त्यांच्या थेट तोंडावर असणार. डोक्यावरच्या पंखाची सावली दुपारी कामाची, सकाळी नाही. जुहूपासून पुढं हे टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. मुंबई ते बेल्लारी नकाशावर पट्टी ठेवा, रेघ आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांवरून जाते! ते अगदी सरळ रेघेत गेले असतील असं नाही, पण शाळेत असतो तर पोरांकडून ही रेघ नक्की मारून घेतली असती.

आता पंख खाली की वर, या प्रश्नात आपला एक माणूस आहे आणि त्याच्याविषयी आपल्याकडं फारच कमी बोललं जातं. डॉ. विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८, गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं हसूरचंपू. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट, आणि मग बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये. त्यांच्या नेतृत्वाखाली झालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. धातूचं, पंख खाली, शिकणारा आणि शिकवणारा एकामागं एक आणि दोघांवर काचेचं झाकण. चहूकडं दिसतं, पण चहूकडून ऊनही येतं. नंतर २८ सप्टेंबर १९५८ ला 'पुष्पक' उडालं. ते दोघांनी शेजारीशेजारी बसायचं, कापडानं मढवलेलं आणि पंख डोक्यावर असलेलं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी लोक यावर शिकले. यात डोक्याला सावली मिळते, पण वळताना खाली जाणारा पंख नेमकी वळायची बाजूच झाकतो. सावली घ्या किंवा नजर घ्या, दोन्ही पुरती मिळत नाहीत.

हे पुष्पक मी लहानपणी पाहिलं आहे. कऱ्हाडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी पन्नासच्या दशकात झाली. मी सहावी-सातवीत असेन. आम्ही पोरं वारुंजीच्या बाजूला सायकली घेऊन जायचो. एकदा भर दुपारी एक लहान विमान उभं होतं आणि पायलट त्याच्या पुढच्या काचेवर पांढरं धोतर का चादर पसरून चारी टोकं बांधत होता. आम्हाला वाटलं, विमानाला नजर लागू नये म्हणून! त्यानं आमच्याकडं पाणी मागितलं. मी धावत जाऊन एका वस्तीवरून तांब्या आणला. ते पुष्पक होतं, हे पुढं चित्र बघून कळलं. चादरीचं कारण मात्र कळायला सत्तरी ओलांडावी लागली.

कारण असं. भर दुपारी स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर साधारण हजार वॉट इतकी ऊर्जा पडते, म्हणजे एक इस्त्री. टोपीखाली दीड-दोन इस्त्र्या लावून ठेवल्या आहेत असं समजा. ही टोपी खऱ्या काचेची नसते, अ‍ॅक्रिलिकची असते. हे प्लास्टिक १९३० च्या दशकात जर्मनीत 'प्लेक्सिग्लास' आणि इंग्लंडमध्ये 'पर्स्पेक्स' या नावांनी बाजारात आलं. हलकं, हवा तसा बाक देता येतो आणि जवळजवळ ९२ टक्के उजेड आत सोडतं. तो उजेड आतल्या खुर्चीवर, कपड्यांवर पडून त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता किरणांच्या रूपानं बाहेर जाऊ लागली की हेच प्लास्टिक तिला अडवतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गरम हवेला वर जायला वाट नसते. तेव्हा विमान उभं असताना ऊन बाहेरच्या बाजूनंच अडवलं पाहिजे. आतून पडदा लावला तर ऊन आत आल्यावर अडवल्यासारखं होतं. थोडा फायदा होतो, चादरीइतका नाही. तो पायलट शहाणा होता.

मग टोपी काळी का करत नाहीत? मीही हेच विचारलं. अमेरिकेच्या लहान विमानांच्या नियमांत बरीच वर्षं असं होतं की पुढच्या काचेतून आणि पायलटच्या पाठीच्या पुढच्या बाजूच्या काचांतून किमान ७० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. हा आकडा वाचून मी दचकलो, कारण आपल्या मोटारींच्या नियमातही पुढच्या आणि मागच्या काचेला ७० टक्केच आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मांवर बंदी घातली तेव्हा आमच्या कॉलनीत सगळे ब्लेडनं फिल्म खरवडत बसले होते, ते आठवत असेल. विमानात तर अ‍ॅक्रिलिकवर भलता डिंक किंवा रसायन लागलं की त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात. पेट्रोल, थिनर, अमोनियावालं काच-पुसणं चालत नाही. भरपूर पाणी आणि मऊ सुती कापड, एवढंच.

आणि या बारीक रेघा म्हणजेच निम्मा झगमगाट. सूर्य समोर असला की प्रत्येक ओरखडा उजेड विखुरतो आणि सगळी काच दुधाळ होते. हे मला कुणी समजावून सांगायला नको. मिरजेत माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. त्याआधी दोन वर्षं समोरून गाडीचा दिवा आला की मला असंच दिसायचं, म्हणजे दिसायचंच नाही. मी लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि स्कूटर चालवत होतो. असो.

डोळ्यातल्या भिंगाचा आणि विमानाच्या टोपीचा तर रक्ताचा संबंध आहे. १९४० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडवरच्या हवाई लढाईत गॉर्डन क्लीव्हर नावाच्या पायलटच्या हरिकेन विमानाची टोपी फुटून तिच्या कपच्या त्याच्या डोळ्यांत गेल्या. अशा पायलटांचे डोळे तपासताना डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की या पर्स्पेक्सच्या कपच्या डोळा सहन करतो. त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. आज माझ्या डोळ्यात आहे ते त्याच घराण्यातलं, मऊ, घडी घालून आत सारायचं. नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुम्ही टोपी आतूनच घालता!"

त्याच लढाईतल्या पायलटांना सूर्यातून येणाऱ्या शत्रूची धास्ती होती. हात लांब करून अंगठ्यानं सूर्य झाकायचा आणि भोवतालचं आभाळ बघायचं, ही त्यांची युक्ती. नातीला ती ठाऊक होती, पण उतरताना दोन्ही हात कामात असतात. चष्म्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत वैमानिकांसाठी हिरव्या काचेचे चष्मे निघाले आणि १९३७ पासून 'रे-बॅन' म्हणून विकले गेले. नावाचा अर्थ किरणबंदी. ते नुसते रंगीत. पोलराइज्ड चष्म्याचं वेगळं. खिडकीच्या गजांसारखी त्याला एक दिशा असते, त्या दिशेचाच उजेड तो आत सोडतो. पाण्यावरची, डांबरावरची तिरीप आडव्या दिशेची, म्हणून ती जाते. पण विमानातल्या पडद्यांनाही तसेच गज असतात. एकाचे उभे, दुसऱ्याचे आडवे आले की अंधार! शिवाय समोरून येणाऱ्या थेट सूर्याला या गजांचा खास उपयोग नाही. अमेरिकेचं विमान खातं वैमानिकांना हे चष्मे न वापरण्याचा सल्ला देतं. मी दिलेला गॉगल आता आमची सौ. गच्चीवर पापड राखताना घालते.

परवा तासगावकडं गेलो होतो. बेदाण्याच्या शेडवर हिरवी जाळी, आत मांडवावर द्राक्षं. ऊन थेट लागलं तर बेदाणा काळपट पडतो, सावलीत वाऱ्यावर सुकला तर हिरवा राहतो. शेडवाल्यानं बाजू मात्र मोकळ्या ठेवल्या होत्या. तसंच नातीच्या विमानाचं. जमिनीवर चालताना टोपी किंचित उघडी ठेवतात, वारा येतो. वर गेल्यावर हवा आत घ्यायच्या लहान झडपा आहेत, आणि हजार मीटर वर गेलं की हवाच सहा-सात अंशांनी थंड होते. खरा त्रास खाली, रांगेत उभं राहण्याचा. तिनं आता सकाळी साडेसहाची पाळी मागून घेतली आहे. साधा टोपडीवजा सुती कॅप, रंगीत पण बिनगजांचा चष्मा, दोन बाटल्या पाणी. आणि संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून उतरायचं असेल तर आधी रेडिओवर विचारून घेते, पुढं कोण आहे.

उभ्या विमानासाठी चादर आम्ही शिवतो आहोत. पांढरा मांजरपाट आणला, आतून जुन्या मऊ धोतराचं अस्तर, म्हणजे टोपीवर ओरखडा येणार नाही. बटणं-हूक काही नाही, नुसते बंद. तिच्या शिक्षकांनी कापड बघून हो म्हटलं आहे, उडायच्या आधी मोजून काढायचं या अटीवर. मापं तिनं पाठवली, पण मांजरपाट धुतल्यावर आटतो, म्हणून सौ.नं तो आधी भिजत घातला आहे.