पिझ्झा, भाकरी आणि अन्नाची प्रतिष्ठा : राधानगरीच्या संदर्भात

पिझ्झा हे मूलतः इटलीतील नेपल्स शहराच्या गरीब कष्टकऱ्यांचे स्वस्त अन्न होय. राधानगरीसारख्या डोंगराळ तालुक्यात नाचणीची भाकरी व मिरचीचा ठेचा यांचे स्थान असेच होते. पिझ्झ्यावरील टोमॅटो आणि ठेच्यातील मिरची ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. मिरची पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. तरीही १९९६ मध्ये डॉमिनोज व पिझ्झा हट भारतात आल्यावर पिझ्झा शहरी प्रतिष्ठेचे चिन्ह ठरला आणि नाचणीवरील गरिबीचा शिक्का कायम राहिला. नेपल्समधील पिझ्झा बनविण्याच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये सांस्कृतिक वारसा मानले. भरडधान्यांना आंतरराष्ट्रीय वर्षाचा मान २०२३ मध्ये लाभला. तात्पर्य, अन्नाची प्रतिष्ठा पोषणमूल्यावरून नव्हे, तर ते खाणाऱ्यांच्या सामाजिक स्थानावरून ठरत आली आहे.