आकाशातली उतरंड

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबई विमानतळाचा एक हिशेब लोकांपुढे मांडला. गर्दीच्या वेळी इथे उतरायला आलेली विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत राहतात. चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर इंधन जळतं, किंमत अंदाजे १ लाख ८० हजार रुपये. तासभर लागला तर २.५ किलोलिटर आणि २ लाख ६० हजार. नागपूरहून दीड तासात मुंबईच्या आभाळात पोचलेल्या प्रवाशाला हा हिशेब वेगळा सांगावा लागत नाही. खिडकीतून तीच खाडी तिसऱ्यांदा दिसली, की तो मुकाट्याने पुन्हा डोळे मिटतो.

'घिरट्या' हा शब्द मात्र घारीचा. घार वाऱ्याच्या मर्जीने फिरते. विमानाला ती मुभा नाही. जमिनीवरचा किंवा नकाशावरचा एक ठरलेला बिंदू असतो. त्यावरून विमान जातं, एका मिनिटात उजवीकडे पूर्ण मागे वळतं, एक मिनिट सरळ जातं, पुन्हा एका मिनिटात वळतं, पुन्हा एक मिनिट सरळ. चार मिनिटांचा लांबट फेरा, शर्यतीच्या मैदानासारखा. बरोबर हजार फूट वर दुसरं विमान तेच करत असतं, त्याच्या हजार फूट वर तिसरं. इंग्रजीत याला 'स्टॅक' म्हणतात, म्हणजे मुळात गवताची गंजी. मराठीला यापेक्षा चपखल शब्द घरातच आहे: उतरंड. जुन्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात मडक्यांवर मडकी रचलेली असत, तशी ही विमानांची उतरंड. फरक एवढाच, की घरच्या उतरंडीत खालच्या मडक्याला हात घालायचा तर वरची सगळी उतरवावी लागत. आकाशात तळाचंच विमान आधी काढून घेतात आणि वरची सगळी एकेक पायरी खाली येतात.

ही उतरंड पहिल्यांदा रचली गेली, त्यामागे दोन शोध होते आणि एक अडचण होती. अडचण न्यूजर्सीतल्या न्यूअर्कची. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कचा मुख्य विमानतळ तोच. आकाश निरभ्र असेल तर वैमानिक एकमेकांना बघून उतरत. ढग खाली आले, की चारी दिशांनी आलेली विमानं एकाच राखाडी कापसात शिरत आणि आत आणखी कोण आहे हे कुणालाच कळत नसे. सरकारची वाट न बघता विमान कंपन्यांनी मिळून १ डिसेंबर १९३५ ला न्यूअर्कमध्ये एक खोली थाटली. खोलीत एक फळा, एक मोठा नकाशा आणि टेलिफोन. नकाशावर छोट्या होड्यांसारख्या सोंगट्या सरकवायच्या, प्रत्येक सोंगटी म्हणजे एक विमान. सोंगट्या हलवणाऱ्याला विमान दिसत नव्हतं आणि वैमानिकाशी थेट बोलताही येत नव्हतं. वैमानिक रेडिओवरून आपल्या कंपनीला सांगणार, कंपनी फोनवरून या खोलीला, आणि उत्तर त्याच वाटेने परत. १९३६ च्या जुलैत अमेरिकी सरकारने न्यूअर्क, शिकागो आणि क्लीव्हलंडच्या अशा तीन खोल्या ताब्यात घेतल्या.

न दिसणाऱ्या विमानांना सांगून सांगून काय सांगणार? 'अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर थांब.'

अमुक ठिकाण आपण गाठलं आहे हे ढगात वैमानिकाला कळणार कसं, हा प्रश्न तोवर सुटलेला होता. अमेरिकेच्या हवाई मार्गांवर तेव्हा रेडिओचे मनोरे होते. मनोऱ्याच्या एका बाजूला मोर्स लिपीतलं 'ए' हे अक्षर ऐकू येई, दुसऱ्या बाजूला 'एन', आणि दोन्ही एकमेकांत मिसळून सलग गुणगुण लागली की समजायचं, आपण वाटेवर आहोत. विमान थेट मनोऱ्याच्या डोक्यावर आलं की कानातला आवाज क्षणभर बंद पडे. ही शांतता म्हणजे मैलाचा दगड. उतरंड रचायची ती याच शांततेभोवती.

अमुक उंचीचा प्रश्न सोडवला पॉल कोल्समन नावाच्या जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेल्या अभियंत्याने. त्याआधीची उंचीमापकं शेकडो फुटांनी चुकत. १९२८ मध्ये त्याने हवेच्या दाबावर चालणारं असं उपकरण बनवलं, की थोड्या फुटांचाही फरक काट्यावर दिसावा. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ ला, जिमी डूलिटल या वैमानिकाने लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्डवर बाहेरचं काहीही न पाहता, निव्वळ उपकरणांच्या भरवशावर विमान उडवून उतरवून दाखवलं. त्याच्यापुढे कोल्समनचा काटा होता. हा काटा नसता तर हजार-हजार फुटांच्या पायऱ्या कागदावरच राहिल्या असत्या.

गंमत अशी, की उतरंड पुरती रुळते न रुळते तोच ती मोडायला निघालेला माणूस पुढे आला. विल्यम टनर हा अमेरिकी हवाई दलाचा सेनापती. दुसऱ्या महायुद्धात हिमालयावरून चीनला रसद पोचवणाऱ्या, भारतातून चालणाऱ्या हवाई वाहतुकीचा शेवटच्या टप्प्यातला प्रमुख तोच होता. १९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केल्यावर शहराला कोळसा-पीठ हवेतून पुरवायचं ठरलं, आणि जुलैअखेरीस त्याची सूत्रं टनरकडे आली. १३ ऑगस्टला, शुक्रवारी, तो एका वैमानिकाला बक्षिसाचं घड्याळ द्यायला बर्लिनला निघाला. पाऊस धो धो, ढग इमारतींच्या माथ्याला टेकलेले. टेम्पलहॉफ विमानतळावर एक विमान धावपट्टीच्या टोकाला कोसळून पेटलं; मागच्याने ते टाळायला करकचून ब्रेक लावले आणि त्याची चाकं फुटली; तिसरं चुकून बांधकाम सुरू असलेल्या पट्टीवर उतरलं. वर ३,००० पासून १२,००० फुटांपर्यंत उतरंड चढत गेली. तिच्यात खुद्द सेनापती. बाहेर सरकायची सोय नाही, कारण शहराभोवतीचा २० मैलांचा घेर ओलांडला की सोव्हिएत हद्द.

टनरने रेडिओवरून हुकूम सोडला: माझ्या वरच्या-खालच्या सगळ्यांना परत पाठवा. खाली उतरल्यावर त्याने नियमच करून टाकला. उतरण्याचा प्रयत्न एकदाच. फसला तर घिरट्या नाहीत, माल घेऊन सरळ परत. हवा कशीही असो, उडायचं उपकरणांच्याच नियमांनी. दोन बाजूंच्या हवाई वाटांनी आत यायचं, मधल्या वाटेने बाहेर पडायचं, आणि विमानांमधलं अंतर तीन मिनिटांचं, घड्याळ लावून. १६ एप्रिल १९४९ ला एका दिवसात १,३९८ फेऱ्या झाल्या, जवळजवळ मिनिटाला एक. टनरला हे जमलं, कारण त्याच्या विमानात कोळशाची पोती होती. पोती परतीचं भाडं मागत नाहीत.

मुलकी विमानांना 'परत जा' म्हणता येत नाही, म्हणून उतरंड टिकली. ती किती पातळ धाग्यावर उभी आहे हे १६ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कने पाहिलं. शिकागोहून आयडलवाइल्डला, म्हणजे आजच्या केनेडी विमानतळाला, निघालेलं युनायटेडचं डीसी-८ जेट न्यूजर्सीतल्या प्रेस्टन नावाच्या बिंदूवर ५,००० फुटांवर थांबायचं होतं. त्याच्या दोन दिशादर्शक रेडिओंपैकी एक बंद पडलेला. त्यातच नियंत्रकाने वाट थोडी जवळची करून दिली, त्यामुळे प्रेस्टन सुमारे ११ मैल अलीकडे आलं. जेटच्या वेगात हे वैमानिकांच्या ध्यानात आलं नाही. थांबायच्या जागेच्या पुढे सुमारे ११ मैल गेल्यावर ते लाग्वार्डियाला उतरू पाहणाऱ्या टीडब्ल्यूएच्या कॉन्स्टलेशनवर आदळलं. एक विमान स्टेटन आयलंडवर पडलं, दुसरं ब्रुकलिनच्या पार्क स्लोप वस्तीत. विमानांतले १२८ आणि रस्त्यावरचे ६, असे १३४ लोक गेले.

मूळ दुखणं एका वैमानिकाचं किंवा एका रेडिओचं नव्हतं. एका शहराला तीन मोठे विमानतळ, प्रत्येकाच्या वाटा वेगळ्या, आकाश मात्र एकच. पुढे १०,००० फुटांखाली वेगावर २५० नॉटची मर्यादा आली, आणि १९६८ मध्ये केनेडी, लाग्वार्डिया आणि न्यूअर्कचे नियंत्रक एकाच खोलीत आणून बसवले गेले. आकाशाचा नकाशा विमानतळागणिक न आखता शहरागणिक आखायचा, या कल्पनेचा हा पाळणा. दिल्लीला वाटा वेगळ्या करण्याचा धडा फार महागात मिळाला. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ लोक मरण पावले. येणारी आणि जाणारी विमानं तेव्हा एकाच वाटेवरून जात, मध्ये फक्त हजार फुटांची पायरी. कझाक विमान ती पायरी उतरून खाली आलं. त्यानंतर येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या. मुंबईच्या आकाशातही आता वाटांची जोडणी नव्याने मांडावी लागते आहे, कारण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही प्रवासी विमानं ये-जा करू लागली.

दरम्यान उतरंड हळूहळू जमिनीवर सरकली. १९७३ चं तेलसंकट आलं आणि आकाशात इंधन जाळत थांबण्यापेक्षा निघायच्या गावीच थांबलेलं बरं, असा विचार अमेरिकेत रुजला. १९८१ च्या ऑगस्टमध्ये संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक नियंत्रकांना अध्यक्ष रेगन यांनी बडतर्फ केल्यावर तर दुसरा इलाजच उरला नाही. आज पुण्यात किंवा दिल्लीत विमानाची दारं बंद झाल्यावर 'मुंबईत गर्दी आहे' ही घोषणा होते, तेव्हा प्रवासी उतरंडीतच बसलेला असतो. त्याची पायरी तेवढी जमिनीला लागलेली असते. तरीही आकाशातली उतरंड संपली नाही आणि तिने बळीही घेतले. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून केनेडीला येणारं एव्हियांकाचं विमान तीन ठिकाणी मिळून ७७ मिनिटं थांबवलं गेलं. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं, 'आणीबाणी' हा शब्द मात्र उच्चारला नाही. विमान लाँग आयलंडच्या झाडीत पडलं. ७३ माणसं गेली. इंधन संपल्यामुळे आग मात्र लागली नाही.

उतरंडीचं माहेर अमेरिका, पण ती संसाराला लागली लंडनमध्ये. हीथ्रो विमानतळाभोवती चार कोपऱ्यांत चार उतरंडी आहेत: बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन हिल आणि ऑकहॅम. बिगिन हिल हा १९४० च्या हवाई लढाईतला लढाऊ विमानांचा तळ, बोव्हिंग्डनही युद्धकाळातला विमानतळ. दोनच धावपट्ट्यांवर जगातली एवढी रहदारी पेलणाऱ्या हीथ्रोला उतरंड म्हणजे निव्वळ नाइलाज नाही. धावपट्टी एक मिनिटही रिकामी राहू नये म्हणून डोक्यावर नेहमी थोडी विमानं भरून ठेवायची, असा तो रांजण आहे. मुंबईचंही गणित तेच. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तीवर तासाला ४६ उड्डाणं-उतरणी बसवली, की प्रत्येकीच्या वाट्याला ७८ सेकंद येतात. एका वैमानिकाने धावपट्टीवरून बाजूला व्हायला जरा वेळ लावला, की मागच्या सगळ्यांची पायरी चुकते. २०२४ मध्ये हा आकडा ४६ वरून ४४ वर आणला गेला.

उतरंड उलगडून आडवी मांडण्याची युक्ती फ्रान्समधल्या ब्रेतिन्यी इथे, युरोकंट्रोल या युरोपीय हवाई नियंत्रण संस्थेच्या प्रयोगकेंद्रात निघाली. हातपंखा डोळ्यांपुढे आणावा. मुठीच्या जागी एक बिंदू, आणि पंख्याची गोल कड म्हणजे विमानांची वाट. कडेवरच्या प्रत्येक ठिकाणाहून मूठ सारख्याच अंतरावर. विमानं एकामागोमाग कडेकडेने चालत राहतात. पुढच्यापासून पुरेसं अंतर पडलं, की नियंत्रक एकच सूचना देतो, 'आता मुठीकडे वळ.' डावीकडे वळ, उजवीकडे वळ, वेग कमी कर, अशा वीस सूचनांचं काम एका सूचनेत. 'पॉइंट मर्ज' नावाची ही रचना २०११ मध्ये ऑस्लोत आली, २०१२ मध्ये डब्लिनमध्ये, आणि २०१६ मध्ये लंडन सिटी विमानतळासाठी टेम्सच्या मुखाजवळ पाण्यावर. हीथ्रोने आणखी लांबचा उपाय धरला: २०१४ पासून ३५० मैल दूर असलेल्या विमानांनाच वेग कमी करायला सांगायचं. म्हणजे शेजारच्या देशाचा नियंत्रक आपल्या आकाशात विमान हळू चालवणार, लंडनवरची उतरंड बुटकी व्हावी म्हणून. थांबायचा वेळ वाचत नाही, तो लांबच्या प्रवासात पातळ पसरतो. इंधन मात्र वाचतं. पॉइंट मर्जचा पंखाही भरून गेला तर काय, याची तजवीज म्हणून त्याच्या मागे जुनी लांबट फेऱ्यांची उतरंड राखून ठेवलेली असतेच.

आणि मोडीत निघालेली म्हणावी अशा या वस्तूची नवी प्रत २०२२ मध्ये तयार झाली. लंडनच्या उत्तरेला ल्यूटन आणि स्टॅन्स्टेड हे दोन विमानतळ तोवर उतरंडी वाटून घेत. एकीकडे खोळंबा झाला की दुसरीकडची विमानंही अडकत. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत वाटा वेगळ्या केल्या गेल्या आणि ल्यूटनला केंब्रिजशायरच्या बाजूला स्वतःची उतरंड मिळाली. तिचं नाव झॅगझो. रोमन लिपीत पाच अक्षरं, रेडिओवर उच्चारता यावीत आणि दुसऱ्या कुठल्या बिंदूशी घोटाळा होऊ नये एवढ्याचसाठी जुळवलेली. बोव्हिंग्डनच्या उतरंडीखाली त्याच नावाचं गाव आणि रेडिओचा मनोरा आहे. झॅगझोखाली मनोरा नाही, आणि त्या नावाचं गावही नाही. ज्या गावांवरून ती विमानं आता फिरतात, तिथल्या लोकांनी पहिल्याच वर्षात आवाजाच्या तक्रारी नोंदवायला सुरुवात केली.